मैफलीवर लिहू पाहणाऱ्या मुलांना आधी काय शिकवावे?

नौपाडेकर (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. गेली सुमारे चाळीस वर्षे मी ठाण्यात शास्त्रीय संगीत ऐकतो आहे. गडकरी रंगायतन, घंटाळीचे सहयोग मंदिर, अलीकडे घाणेकर नाट्यगृह, आणि दरवर्षी न चुकता पं. राम मराठे यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणारा महापालिकेचा समारोह, अशी माझी ऐकण्याची ठिकाणे आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर एका स्थानिक पाक्षिकात अधूनमधून मैफलींवर लिहू लागलो. ते वाचून गेल्या वर्षभरात चार तरुण माझ्याकडे येऊ लागले. दोन मुली, दोन मुलगे, सगळे एकोणीस ते चोवीस वयाचे. एक मुलगी विशारद झाली आहे. बाकी तिघांनी गाणे शिकलेले नाही, पण ऐकण्याची ओढ खरी आहे आणि मराठी चांगले लिहितात. दर रविवारी सायंकाळी आम्ही बसतो, काही ऐकतो आणि त्यांनी लिहिलेले वाचतो.

अडचण अशी की त्यांचे लिखाण वाचून मैफलीत काय घडले ते कळत नाही. एका मुलाचा परिच्छेद त्याच्या परवानगीने येथे देतो.

«मैफलीची सुरुवात मारवा रागाने झाली. गायिकेच्या सुरेल आलापीने वातावरण भारावून गेले. पंचमावरचा ठहराव तर थेट हृदयाला भिडला. दमदार तानांनी त्यांनी रसिकांची मने जिंकली. तबला आणि संवादिनीची साथही तितकीच समर्थ होती.»

रागाचे नाव बदलून यमन करा, गायिकेच्या जागी दुसरा कोणी बसवा, परिच्छेदाला धक्का लागत नाही. मारव्यात पंचम नसतो हेही त्याला ठाऊक नव्हते. मी 'पंचम' खोडून 'धैवत' लिहिले, विशेषणे कमी केली आणि परत दिले. पुढच्या लेखात विशेषणे बदलून आली, एवढाच फरक पडला.

दुसरी गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो, पण ती सांगितल्याशिवाय प्रश्न पुरा होणार नाही. याच मुलाने तीन महिन्यांपूर्वी एका तरुण गायकाच्या मैफलीवर लिहिले आणि त्यात प्रथमच दोन वाक्ये प्रतिकूल लिहिली. ती त्याच्या आजवरच्या लिखाणातली सर्वांत नेमकी वाक्ये होती. आयोजक माझ्या जुन्या परिचयाचे. त्यांनी छपाईआधी लेख पाहिला आणि नाराजी कळवली. मी ती दोन्ही वाक्ये काढली, आणि त्या मुलाला सांगितलेसुद्धा नाही. लेख छापून आल्यावर त्याने एक शब्द काढला नाही, मात्र तेव्हापासून तो रविवारी आलेला नाही.

म्हणून जाणत्यांना विचारतो. या मुलांना शिकवायचे तर क्रम कोणता असावा? लिहिण्यासाठी गाणे शिकणे आवश्यक मानावे का? आणि जिथे कलाकार, आयोजक, गुरू आणि श्रोते सगळे एकमेकांना ओळखतात अशा आपल्या गावात प्रतिकूल मत लिहायला त्यांना कसे शिकवावे?

जुना उपसंपादक (कोपरी, ठाणे)

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण असा प्रश्न हल्ली कोणी विचारत नाही. मी वर्तमानपत्रात बरीच वर्षे पुरवण्यांचे काम पाहिले. मैफलींची परीक्षणे माझ्या हातून जात. जागा आधी आठशे शब्दांची होती, मग चारशेची झाली, शेवटी छायाचित्र आणि त्याखाली दोन ओळी उरल्या. जागा आटली की लिहिणारे विशेषणांकडे वळतात, असा माझा अनुभव आहे. 'रंगत आणली' लिहायला दोन शब्द पुरतात. रंगत कशी आली हे सांगायला एक परिच्छेद लागतो. आपल्या मुलांनी वाचलेली परीक्षणे बहुतेक याच आटलेल्या काळातली असणार, त्यामुळे तीच भाषा त्यांना परीक्षणाची भाषा वाटते. हा त्यांचा दोष मानू नये.

मी नव्या लेखकाच्या मजकुरावर दुरुस्ती करीत नसे. समासात प्रश्न लिहीत असे, आणि ते बहुधा तीनच असत: कशावरून, कुठे, आणि हेच वाक्य दुसऱ्या कोणाविषयी लिहिता आले असते का. 'सुरेल आलापी' या शब्दांपुढे 'कुठे' असे लिहिले की त्या मुलाला आठवावे लागते. त्याला आठवले तर वाक्य आपोआप बदलते. आठवले नाही तर ते त्याने स्वतःच्या हाताने काढावे. खोडण्याचे काम आपण केले की जबाबदारीही आपल्याकडे येते. आपल्या बाबतीत तसेच झाले असे मला वाटते.

एक छोटी वही द्या. तिच्यात मते लिहायची नाहीत, फक्त घडलेले टिपायचे. मैफल किती वाजता सुरू झाली, राग, ताल, बंदिशीचा मुखडा (पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ), अंतरा म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग घेण्याआधी साधारण किती वेळ स्थायीवर, म्हणजे पहिल्या भागावर, बढत (विस्तार) झाली, आवाज कोणत्या स्वरावर पुन्हा पुन्हा येऊन थांबत होता, तान सरळ होती की वक्र, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना मुखडा पुरा घेतला की अर्ध्यातून उचलला. मात्र सतत लिहीत बसू देऊ नका. लिहिणारा हात ऐकू देत नाही. एका बंदिशीला तीन-चार टिपणे पुष्कळ झाली, बाकी आठवणीवर सोडावे. दुसऱ्या दिवशी सकाळी जे आठवते त्यावर लेख उभा राहतो, आणि वही फक्त तपासायला असते.

गाणे शिकावे का, या प्रश्नावर आपल्याच परंपरेतली दोन उदाहरणे पाहा. केशवराव भोळे 'एकलव्य' या नावाने गायकांविषयी लिहीत, आणि तेच 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला चाली देत होते. वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते, पण एकाहून अधिक घराण्यांच्या गायकांकडे त्यांनी प्रत्यक्ष शिक्षण घेतले होते. 1961 साली आलेल्या 'घरंदाज गायकी'त त्यांनी घराण्यांची तुलना स्वर आणि लय यांच्या प्रमाणावर केली. किराणा स्वराकडे झुकलेले, आग्रा लयीकडे, आणि जयपूर या दोहोंचा तोल साधणारे, अशी ती मांडणी आहे. ती मान्य करावी की नाही हा वेगळा विषय. पण ऐकणाऱ्याला ती ध्वनिमुद्रणे लावून तपासता येते, आणि तपासून खोडताही येते. परीक्षणातल्या वाक्याकडून माझी एवढीच अपेक्षा असते, की वाचणाऱ्याला ते पडताळून पाहता यावे.

प्रतिकूल मताविषयी इतरांनी लिहावे. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की लेखकाला न सांगता वाक्य काढणे ही संपादनाच्या कामात फार मोठी चूक समजतात.

संवादिनी (वाशी)

मी वाशीत गेली बावीस वर्षे गायन शिकवते. विशारद आणि अलंकार परीक्षांना बसणाऱ्या मुलांबरोबर माझे बहुतेक आयुष्य गेले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते की परीक्षा उत्तीर्ण होणे आणि ऐकता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या विशारद झालेल्या मुलीलाही बाकी तिघांइतकाच सराव हवा असेल.

नौपाडेकर, आपण 'पंचम' खोडून 'धैवत' लिहिलेत, तिथे मला थांबावेसे वाटले. आपण कागदावरचा शब्द दुरुस्त केलात. त्या मुलाच्या कानाला मात्र तो स्वर अजूनही पंचमच वाटतो आहे. आणि खरे तर त्याने ऐकलेले अगदीच खोटे नव्हते. कुठल्या तरी स्वरावर आवाज थांबला होता आणि तो थांबणे त्याला जाणवले होते. फक्त त्या स्वराचे नाव त्याला ठाऊक नव्हते. त्याला धैवत सांगण्याऐवजी «तो स्वर म्हणून दाखव» असे म्हणायला हवे होते. त्याने म्हटला असता, तानपुऱ्यावर आपण ताडून पाहिला असता, आणि धैवत त्याचा त्यालाच सापडला असता.

म्हणून माझे उत्तर असे की गायक होण्यासाठी नको, पण सहा महिने तानपुऱ्यासमोर बसून स्वर लावायला प्रत्येकाने शिकावे. गळा बरा नसला तरी चालेल. स्वतः कोमल रिषभ लावायचा प्रयत्न केल्यावर दुसऱ्याचा कोमल रिषभ वेगळा ऐकू येतो.

एक बैठक सुचवते. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग एकापाठोपाठ ऐकवा. तिघांचे स्वर तेच सहा: षड्ज, कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, शुद्ध निषाद. पंचम तिघांतही नाही. मग तीन राग वेगळे का, हे मुलांना आधी सांगू नका. मारव्यात रिषभ आणि धैवत यांच्यावर भर असतो आणि षड्ज बराच वेळ टाळला जातो, त्यामुळे घरी न पोहोचल्यासारखी एक हुरहूर राहते. पूरियात गंधार आणि निषाद पुढे येतात आणि गाणे मंद्र व मध्य सप्तकात रेंगाळते. सोहनी बहुतेक वरच्या अंगात, तार षड्जाच्या आसपास फिरते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने, तिला यातले काहीही सांगितलेले नसताना, मारवा ऐकून लिहिले होते: «गायक सारखा दारापर्यंत येतो आणि आत येत नाही.» त्या वाक्यात एकही संगीतातली संज्ञा नव्हती, पण तिने षड्जाचे टाळणे ऐकले होते. पुढे मी तिला त्या दाराचे नाव सांगितले. क्रम विचाराल तर तो हाच: आधी ऐकलेले स्वतःच्या शब्दांत, नंतर त्याची संज्ञा.

यानंतर एकाच रागाची दोन रूपे ऐकवावीत. मारव्यापुरतेच बोलायचे तर उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित लयीतला, झुमरा तालाच्या चौदा मात्रांत पसरत जाणारा मारवा आणि डॉ. वसंतराव देशपांडे यांचा मारवा एकाच संध्याकाळी ऐकवा. तेच स्वर, तीच नियमावली, आणि तरी दोन निराळे स्वभाव. यातला कोणता श्रेष्ठ हे विचारू नका. दुसऱ्यात काय आहे जे पहिल्यात नाही, एवढेच लिहायला सांगा.

एक सावधगिरीही सांगते. नुकतेच शिकू लागलेले मूल चुका शोधण्यात फार रमते. ललत हा राग आज बहुतेक ठिकाणी कोमल धैवताने गातात, पण संगीतशास्त्रकार पं. भातखंडे यांनी तो मारवा थाटात (रागांच्या मारवा या वर्गात), शुद्ध धैवतासह नोंदवला आहे. पुस्तक वाचून आलेला मुलगा मैफलीत कोमल धैवत ऐकून «राग चुकला» असे लिहू शकतो, आणि शुद्ध धैवताचा ललत एखाद्याकडून ऐकला तर दुसरा तेच लिहील. 'चुकले' हा शब्द लिहिण्याआधी दोन जाणकारांना विचारायचे, असा नियम आपल्या गटात असू द्या.

ठेका (कळवा)

मी तबल्याची साथ करतो. थोडक्यात लिहितो, कारण वरच्या दोघांनी पुष्कळ सांगितले आहे.

आपण दिलेल्या परिच्छेदातले शेवटचे वाक्य, «साथही तितकीच समर्थ होती», मी आजवर इतक्या परीक्षणांत वाचले आहे की ते आमच्याविषयी आहे असे वाटतच नाही. रात्री दोन-अडीच तास आम्ही ऐकतो, जुळवून घेतो, काही वेळा गायकाला सावरतोही, आणि त्या सगळ्याची नोंद या एका वाक्यात होते. कृपया मुलांना एक मैफल फक्त ठेका ऐकण्यासाठी ऐकवा. तिलवाडा आणि विलंबित तीनताल हे दोन्ही ताल सोळा मात्रांचे, पण ठेका निराळा, आणि त्याने ख्यालाची चाल बदलते. विलंबित एकतालात दोन मात्रांमधली जागा तबलजी किती भरतो आणि किती मोकळी सोडतो, गायक लांबचा आलाप घेत असताना तो शांत राहतो की मध्ये बोलतो, लय हळूहळू वाढली तर ती कोणी वाढवली, हे कान दिले की कळते. शक्य असेल तर मुलांना डग्ग्याच्या बाजूला, पुढच्या रांगांत बसवा.

साथ चांगली झाली नसेल तर तसेही लिहावे. माझ्याविषयी एका परीक्षणात «द्रुतात तबला गायकाच्या पुढे धावत होता» असे कोणीतरी लिहिले होते. त्या रात्री मला राग आला. पुढच्या आठवड्यात ध्वनिमुद्रण ऐकले तर ते खरे होते, आणि त्यानंतर मी द्रुत लयीचा रियाज बदलला. ते परीक्षण अजून माझ्याकडे जपून ठेवलेले आहे.

खारघरची वाचक

काका, मी तेवीस वर्षांची आहे आणि गेली तीन वर्षे मैफलींवर लिहिते आहे, म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूने लिहिण्याचे धाडस करते.

मला ज्यांनी लिहायला शिकवले ते मैफलीला माझ्या शेजारी बसत. मध्ये एक शब्द बोलत नसत. कार्यक्रम संपल्यावर गडकरीपासून स्टेशनपर्यंत आम्ही चालत जायचो, आणि त्या वाटेत त्यांचा एकच प्रश्न असे: «आत्ता, या क्षणी, कोणती जागा कानात आहे? गुणगुणून दाखव.» पहिल्या काही वेळा मला एकही जागा आठवली नाही आणि फार लाज वाटली. ते रागावले नाहीत; म्हणाले, मग आज लिहू नकोस. सहाव्या की सातव्या मैफलीनंतर मला बागेश्रीतला मध्यमावरचा एक ठहराव म्हणून दाखवता आला, आणि त्या रात्री घरी जाऊन लिहिलेला लेख माझा पहिला लेख होता असे मी मानते. आधीचे चार छापून आले होते, पण ते माझे नव्हते.

ते माझे नव्हते, याचे दुसरेही कारण होते. ज्या ठिकाणी ते छापले जात, तिथे माझी वाक्ये बदलून जड, जुन्या वळणाची केली जात. «मला वाटले» असे लिहिले की ते काढून «रसिकांना प्रत्यय आला» असे घातले जाई. माझ्या शेजारी बसलेल्या रसिकांना काय प्रत्यय आला ते मला कसे ठाऊक असणार? काका, आपल्या गटातल्या मुलांना 'मी' लिहू द्या. 'मी' लिहिले की काय ऐकले आणि काय नाही याचा हिशेब द्यावा लागतो, आणि 'रसिकांची मने' हे शब्द सुचतच नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट मोठ्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून सांगते. आमच्यापैकी अनेक मुली ठाण्याच्या मैफलीतून भैरवीआधी, म्हणजे शेवटच्या गाण्याआधी, उठतात, कारण पनवेल बाजूची गाडी चुकली तर पुढची केव्हा मिळेल आणि डब्यात कोण असेल याची घरी काळजी असते. मग लेखात भैरवीचे एक वाक्य कोणाला तरी विचारून घातले जाते. मी तसे दोनदा केले आहे. आता मी लेखातच लिहिते की दुसऱ्या रागानंतर मला निघावे लागले. आपण आपल्या गटातल्या मुलींना परत सोडण्याची काही व्यवस्था करू शकलात, किंवा तिकिटाचा भार थोडा उचलू शकलात, तर त्याचा लिखाणावर थेट परिणाम दिसेल.

आणि त्या मुलाविषयी. तो रागामुळे येत नाही असे मला वाटत नाही. स्वतःला खरे ऐकू आले होते की नाही, याविषयीच त्याला शंका आली असेल. माझे वाक्य न सांगता काढले गेले तेव्हा मला असेच वाटले होते, की मी काहीतरी चुकीचे ऐकले असणार. आपण त्याच्याकडे जाऊन, ते वाक्य बरोबर होते आणि काढणे ही आपली चूक होती, असे स्पष्ट सांगावे. फोनवर नको, समोर बसून सांगा.

नौपाडेकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण आधी एक काम करायचे होते.

खारघरच्या मुलीने सांगितले तसे मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला; पहिली दहा मिनिटे आम्ही दोघेही भलतेच काही बोलत होतो. मग मी त्याचा मूळ हस्तलिखित कागद काढून ती दोन वाक्ये मोठ्याने वाचली. «मध्यलयीच्या बंदिशीत अंतऱ्याचे शब्द मला एकदाही पूर्ण ऐकू आले नाहीत. ताना फार तयार होत्या, पण प्रत्येक तान त्याच जागेवरून सुटत होती, त्यामुळे तिसऱ्या तानेनंतर चौथी कुठे उतरणार हे आधीच कळत होते.» ही वाक्ये काढायला नको होती, भिडेपोटी काढली, आणि तुला विचारले नाही हे त्याहून वाईट झाले, असे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने विचारले, «म्हणजे चौथी तान तुम्हालाही कळली होती?» मी म्हणालो, हो. संवादिनीताईंच्या नियमाप्रमाणे विचारायचे तर दोन जाणकारांपैकी एक तेव्हा त्याच्या शेजारीच बसलेला होता आणि गप्प राहिला.

पाक्षिकाच्या संपादकांशीही बोललो. पुढच्या अंकात ती दोन वाक्ये, ती गाळली गेल्याच्या माझ्या नावाच्या खुलाशासह, छापायला ते तयार आहेत. आयोजकांना मी तसे आधीच कळवले. ते नाखूष आहेत. मैत्री टिकेल असे वाटते. आणि त्या तरुण गायकाला लेख वाचावासा वाटला तर त्यात त्याच्या उपयोगाचे काही असेल, हे ठेका यांच्या अनुभवावरून मला अधिक पटले.

प्रतिकूल मत कसे लिहावे याचे निराळे शिक्षण लागेल अशी माझी समजूत होती. ती दोन वाक्ये पुन्हा वाचताना दिसले की त्या मुलाने तिथे ऐकलेले जसेच्या तसे लिहिले होते; त्यात एकही विशेषण दुखावणारे नव्हते. आता मीही समासात प्रश्नच लिहिणार आहे. चार वह्या आणल्या आहेत. मुलींना परत सोडण्यासाठी दोघा पालकांशी बोलणे झाले असून त्यांनी आळीपाळीने गाडी घेऊन येण्याचे कबूल केले आहे.

येत्या रविवारी सूर्यास्ताच्या सुमारास मारवा, पूरिया आणि सोहनी ऐकवणार आहे. तो मुलगाही येतो म्हणाला. संवादिनीताई, एक शंका आहे. माझ्या घरी तानपुरा नाही, इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. स्वर म्हणून घ्यायला ते चालेल का?

संवादिनी (वाशी)

चालेल. मात्र सुरू करण्याआधी पहिली तार पंचमावरून काढून निषादावर लावून घ्या, आणि ती का बदलली हे मुलांना विचारू द्या.